हिवरखेडच्या वावरातलं हेलिकॉप्टर

संध्या अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी सासरी हिवरखेडला येऊन स्वतः बनवलेलं हातभर लांबीचं हेलिकॉप्टर उडवायची. नेहमीच्या हेलिकॉप्टरहून ते वेगानं कसं जाईल, याचा तिला ध्यास लागला होता. गेल्या वर्षी सासूबाईंना, इंदूबाईंना, हृदयविकाराचा झटका आला तेव्हा अकोल्यापर्यंत त्यांचा हात धरून अँब्युलन्समध्ये तीच बसली होती. इंदूबाई वाचल्या, पण तो लांबचा, खड्ड्यांचा रस्ता संध्याच्या डोक्यातून गेला नाही.

पहिल्या चाचणीला सासरे किसनराव खुणेसाठी लाल दुपट्टा धरून वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभे राहिले. यंत्र त्यांच्या दिशेनं निघालं, त्यानं वेग घेतला आणि अर्ध्या वाटेत डावीकडे कलंडून आपटलं.

"मी हललो वाटते," किसनराव ओशाळून म्हणाले.

"तुमचं काही चुकलं नाही, मामाजी. एका बाजूचं पातं वाऱ्याले भिडते, त्याले उचल भेटते. दुसरं वाऱ्यासंगच मागं जाते, ते कमी पडते. वेग वाढला का ती बाजू खाली जाते."

"म्हणजे एक बैल ओढून राहिला अन दुसरा नुसता चालून राहिला."

"तसंच."

मग तिनं एकावर एक, उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे बसवले, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी उचल मिळेल. शेपटीला, पुढे ढकलायला, एक लहान पंखा लावला. यंत्र सरळ गेलंही. पण वेगात लवचीक पाती खालीवर होऊन एकमेकांवर आदळली आणि तुकडे ढेकळांत विखुरले. संध्या खाली बसून एकेक तुकडा वेचू लागली. इंदूबाईंनी चहा आणून शेजारी ठेवला.

पुढच्या वेळी ती ताठ, न वाकणारी पाती घेऊन आली, तर वावरात एक लांब पट्टा मोकळा झालेला. कापूस वेचून झाल्यावर पुन्हा बोंडं धरायला राखलेली तिथली फरदडीची पऱ्हाटी किसनरावांनी उपटून टाकली होती.

"अजून एक वेचा निघाला असता," इंदूबाई म्हणाल्या. "मी बोलली, तं म्हणे पोरीच्या यंत्राले उतराले जागा पाह्यजे."

"काहून उपटली, मामाजी?"

"बोंडं किडकीच होती," किसनराव दुसरीकडे पाहत म्हणाले.

त्या दिवशी यंत्र पट्ट्यावरून सरळ, आधीपेक्षा कितीतरी वेगानं गेलं आणि दुपट्ट्याच्या अलीकडे उतरलं. संध्या धावत गेली. ताठ पात्यांची सगळी थरथर सांगाड्यात उतरली होती. एक जोड खिळखिळा झाला होता आणि शेपटीचा स्क्रू गळून पडला होता. मोठ्या यंत्रात ही थरथर माणसाला सोसवणार नाही, हे तिला कळत होतं. तरीही तिला हसू आवरेना.

किसनराव आणि इंदूबाई खाली वाकून काळ्या मातीत स्क्रू शोधू लागले. तो काही सापडला नाही.

"यात माणूस कवा बसन?" कंबर सरळ करत इंदूबाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही, आई. ही थरथर कमी कराले लय वर्षं लागतीन."

"लागू दे," इंदूबाई म्हणाल्या. "आज जेवून जा. भाकरी टाकतो."

किसनरावांनी यंत्र दुपट्ट्यात गुंडाळलं आणि दोन्ही हातांवर घेऊन, खाचखळगे चुकवत, घराकडे चालू लागले.