जुनं पाणी

बुरुलने बोटाच्या पेराने स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवर टकटक केली. ठण्ण आवाज आला. खिडकीखालच्या रेडिएटरवर केली. तिथेही ठण्ण. घर गरम ठेवणारं पाणी आत भरलेलं असलं की रेडिएटर असा वाजत नाही, तो ढप्प बोलतो. डोक्यावरचा रुमाल न सोडता, बहिणीने दिलेला लोण्याचा डबा हातात तसाच धरून ती उभी राहिली.

"आलीस का, आई?" मेदेर हात पुसत आत आला. "चल, तुझा बॉयलर बघ. ओळखूच येणार नाही."

दहा दिवसांसाठी तो राजधानीतून, बिश्केकहून, आला होता, आणि आल्या आल्या "जा गं, चार दिवस मावशीकडे राहून ये" असा त्याने धोशा लावला होता. बहिणीचं कोचकोर काही लांब नाही. ती गेली.

काम त्याने खरंच झकास केलं होतं. काजळी खरवडलेली, धुराडं झाडलेलं, भट्टीत ओल शोषायला कळीच्या चुन्याचं ताट ठेवलेलं. दाराला चंदेरी रंगसुद्धा फासला होता. नवरीसारखा नटवलास की, असं ती एरवी म्हणाली असती.

"पाणी कुठंय?"

"सोडून दिलं. काळंकुट्ट झालं होतं. वास मारत होता नुसता."

बुरुलने लोण्याचा डबा खाली ठेवला. ते पाणी तिच्या नवऱ्याने भरलं होतं, तो वारायच्या तीन वर्षं आधी. त्याला जाऊन सहा झाली, म्हणजे नऊ वर्षांचं. इथं नारिनमध्ये कुणीही माणूस सांगेल, काळं पडलेलं पाणी मेलेलं असतं, ते लोखंडाला तोंड लावत नाही. नवं पाणी जिवंत. तेच पाइप खातं. म्हणून उन्हाळ्यात बाकी सगळं साफ करायचं, पाण्याला हात लावायचा नाही. मेदेरने लहानपणी खेळताखेळता तोटी सोडली होती, तेव्हा कधी हात न उगारणाऱ्या बापाने त्याच्या एक सणसणीत ठेवून दिली होती. ती थप्पड कोण विसरेल?

पाणी सोडतात ते फक्त हिवाळ्यात कुलूप लागणाऱ्या घरातलं. नाहीतर थंडीत पाणी गोठून रेडिएटर फुटतात. पलीकडच्या घरातलं असंच सोडलं होतं, आणि मग ती माणसं रशियाला गेली ती गेलीच.

तिने चहा ओतला, नान मोडून त्याच्यापुढे ठेवला.

"किल्ली कुणाकडे द्यायची ठरवलीस?"

"कसली किल्ली?"

"घराची."

मेदेरने नानचा तुकडा उचलला, परत ठेवला.

"शेजारच्या जुमाशकडे," तो म्हणाला. "तो लक्ष ठेवील. आई, तुझ्या माघारी बोलत नाही, तोंडावर बोलतो. फेब्रुवारीत राख टाकायला गेलीस आणि बर्फात पडलीस. तासभर पडून होतीस! त्या जुमाशचा कुत्रा भुंकला नसता तर?"

"भुंकला ना."

"चेष्टा नकोय. बिश्केकला माझ्याकडे चल, असं मी विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग विचारायचं, आणि नाही ऐकून घ्यायचं. माझ्या पाठीमागे माझं घर रिकामं करतोस होय रे?"

ती उठली, अंगणातल्या नळाला रबरी नळी लावली आणि दुसरं टोक बॉयलरच्या तोटीत घट्ट बसवलं. नळ सोडला. पाइपांतून खळखळ सुरू झाली. आता एकेका रेडिएटरची हवा सोडायची. छोटी चावी घेऊन ती स्वयंपाकघरातल्या रेडिएटरपाशी बसली आणि चावी फिरवू लागली. फेब्रुवारीत मोडलेलं मनगट वाकडं जुळलं होतं. चावी हलेना. डाव्या हाताने केलं, तरी हलेना. कपाळावर घाम आला.

मेदेर दारात उभा होता. तो पुढे आला नाही. बऱ्याच वेळाने तिनेच चावी वर धरली, त्याच्याकडे न बघता.

त्याने चावी फिरवली. हवा फुसफुसली, मग पाण्याची चिळकांडी उडाली. तो दुसऱ्या खोलीत गेला, तिसऱ्या खोलीत गेला. बुरुल एकेक रेडिएटर वाजवत मागून फिरली. ढप्प. ढप्प.

"यंदाचा हिवाळा इथेच," ती म्हणाली. "राख जुमाशची सून टाकील, मी बोलते तिच्याशी. पुढच्या उन्हाळ्यात मला न्यायला ये. तोटी मी सोडीन, तू बादल्या उचल."

मेदेर चावी हातात घेऊन उकिडवाच बसून राहिला.

"एकाच हिवाळ्यासाठी नवं पाणी भरलंस, आई?" तो हळूच म्हणाला. "लोखंड खाईल ते."

"खाऊ दे," बुरुल म्हणाली. "एका हिवाळ्यात खाऊन खाऊन किती खाईल?"