दांडक्याला हात लावण्याआधी

मी एक जुना केंटोंगान आहे. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका. फणसाचा ओंडका आतून पोखरला, पोटाला उभी फट पाडली आणि दोरीने टांगला, की झालो मी तयार! दांडक्याने बडवलं की माझा आवाज भाताची खाचरं ओलांडून पार नदीपलीकडे जातो. सुम्बरआरेन गावाच्या वळणावर, पहारेकऱ्यांच्या चौकीत माझा मुक्काम असतो.

मला कोरलं कार्सो आजोबांनी. माझी भाषा आमच्या मुलखात सगळ्यांना कळते. घाईघाईचे ठोके म्हणजे संकट, धावा! संथ, लांब ठोके म्हणजे सगळं खुशाल आहे. मी बोललो की लोक हातातला घास ठेवून उठायचे. काय रुबाब होता माझा!

एकदा मात्र चांगलीच फजिती झाली. तरण्याबांड विर्योने टेकडीमागे धूर पाहिला आणि मागचापुढचा विचार न करता मला बडवून काढलं. झालं! अख्खं गाव बादल्या घेऊन धावलं आणि धूर दिसताच पाणी ओतून मोकळं झालं. कसली आग आणि कसलं काय! शेजारच्या वाडीतले लोक निखाऱ्यांवर मटण भाजत बसले होते. सगळा बेत चिंब! त्यांनी जे तोंड सोडलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी वाजलो की लोक नुसते हसायचे आणि कूस बदलून झोपायचे. फार लागलं मला ते. खरंच कुणाचं घर पेटलं असतं तर?

तेव्हा कार्सो आजोबांनी नियम घातला. दांडक्याला हात लावण्याआधी मोठ्याने सांगायचं: कुणी पाहिलं, कुठे पाहिलं, कधी पाहिलं. नुसतं ‘ऐकलंय’ म्हणणाऱ्याने घरी जायचं. हळूहळू माझी पत परत आली. नदीपलीकडची माणसंसुद्धा माझ्या शब्दावर विसंबू लागली.

पुढे घरोघर मोबाइल आले आणि मला कोण विचारतो! माझ्या पोटात पालींनी संसार थाटला. पहारेकरी माझ्या खुंटीला रेनकोट अडकवू लागले. कार्सो आजोबा तर कधीच गेले होते. त्यांच्यामागोमाग त्यांचा नियमही लोक विसरले.

आणि मग लारासच्या लग्नाची सकाळ उजाडली. लारास म्हणजे विर्योची पुतणी, शाळेच्या ग्रंथालयातली शिक्षिका. मांडव माझ्या समोरच होता. नवरदेव बिमोची वरात नदीपलीकडून ट्रकमधून यायची होती. लग्न लावणारे पेंघुलू सारखे घड्याळ बघत होते, कारण दुपारआधी त्यांना डोंगरापलीकडे दुसरं लग्न लावायचं होतं. वरातीला उशीर झाला की आजचं लग्न राहिलंच म्हणायचं.

तेवढ्यात विर्यो, आता गावाचे विर्यो काका, मोबाइल नाचवत माझ्याकडे धावत आले. “पूल पडला! पूल पडला! धावा रे!” त्यांनी दांडका उचललासुद्धा.

नवरीच्या कपाळावर काढतात ती काळी नक्षी अर्धवट राहिलेली, तशीच लारास बाहेर धावली. “काका, थांबा! कुणी पाहिलं?”

“अगं, फोटो आहे इथे ढळढळीत!”

“कुणी काढला?”

“ग्रुपवर आलाय.”

“ग्रुपला डोळे असतात का, काका?”

स्वयंपाक सांभाळणारी गिनेम मावशी झाऱ्यासकट येऊन फोटोत डोकावली. “अगं बाई! या पुलाला तर लोखंडी कठडे आहेत. आपण मागून मागून थकलो. फोटोत तरी मिळाले म्हणायचे!”

सगळे खो खो हसले. काका ओशाळले. “म्हणजे खोटंच की!”

“फोटो आपल्या पुलाचा नाही, एवढंच कळलं,” लारास म्हणाली. “आपला पूल उभा आहे का, ते अजून कुठे कळलंय? तुकिमानदादाला विचारू.”

तुकिमानचं पंक्चरचं दुकान पुलाला लागूनच आहे. “थांब, बघून सांगतो,” तो फोनवर म्हणाला. चपलांची फटफट ऐकू आली. “हा बघ, पुलाच्या मधोमध उभा आहे मी. नाचून दाखवू? अगं पण लारास, पलीकडे वरातीचा ट्रक माघारी वळतोय! त्यांनाही तोच फोटो गेला असणार!”

बिमोचा फोन बंद. तुकिमान ओरडत पळाला, पण ट्रकला कोण गाठणार? लारासच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तिची नजर माझ्यावर पडली.

“काका, आता वाजवा. खुशालीचे ठोके!”

विर्यो काकांनी दांडका उगारला, मग थबकले. इतक्या वर्षांनी त्यांना आजोबा आठवले असावेत. “तुकिमानने पाहिलं!” ते ओरडले. “पुलावर पाहिलं! आत्ता पाहिलं!” आणि मग मला असं वाजवलं की पाली जीव घेऊन पळाल्या. किती वर्षांनी मी बोलत होतो! काय आनंद झाला म्हणून सांगू!

पलीकडे काय झालं ते मला नंतर कळलं. ट्रकमध्ये बसलेले बिमोचे आजोबा ड्रायव्हरच्या मागची काच बडवत म्हणाले, “फिरव मागे! पूल पडला असता तर सुम्बरआरेनचा केंटोंगान असा वाजला नसता. तो उगाच बोलत नाही.”

पेंघुलू उठायच्या बेतात होते आणि वरात मांडवात शिरली. लारास हसतही होती आणि रडतही होती. गिनेम मावशीने तुकिमानला पहिल्या पंगतीत बसवलं.

आता विर्यो काका पार बदललेत. परवा कुणीतरी सांगत होतं, कारल्याचा रस घ्या आणि साखरेच्या गोळ्या बंद करा. काका म्हणाले, “कुणाची साखर उतरली? तू पाहिलीस? आरोग्य केंद्रातल्या ताईंना विचारलंस?” परीक्षा पुढे गेली म्हणून पोरं नाचत आली, तेव्हा त्यांनाही काकांनी आधी शाळेच्या फळ्याकडे पिटाळलं. बिचाऱ्यांची परीक्षा होती तिथेच होती!

मित्रांनो, मला अधूनमधून तेलाचा हात लावा, माझं दुसरं काही मागणं नाही. पण एक सांगतो. माझा दांडका एकच होता आणि त्याच्यावर साऱ्या गावाची नजर असायची. तुमच्या तर प्रत्येकाच्या खिशात एकेक दांडका आहे आणि त्याचा आवाज नदीच काय, समुद्र ओलांडून जातो. तिथे तुम्हाला अडवायला कार्सो आजोबा नाहीत. म्हणून बोट लावण्याआधी स्वतःलाच विचारा, हे कुणी पाहिलं?