मानेवरची रेघ

माझा स्वभाव तिरसट आहे, यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे. चाळीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरात उकिडवं बसून गळके नळ दुरुस्त करा, मग बघू तुमचा स्वभाव किती गोड राहतो ते. पण एका माणसापुढे मी कधी आवाज चढवला नाही. तो म्हणजे आमचा लंब्या. कोपऱ्यावरचं केस कापायचं दुकान त्याचं. मला तो बोका म्हणतो. आता तो कमरेत वाकलाय आणि माझ्या मिशा गळाल्यात, पण नावं काही बदलली नाहीत.

लहानपणी आमच्या दोघांत मिळून एक सायकल होती, तीही त्याच्या थोरल्या भावाची. उतारावरून डबलसीट सुटायचं, हात सोडून बोंबलायचं आणि पडल्यावर ढोपर कोणाचं जास्त फुटलं यावरून भांडायचं. तळ्यात डुंबून आलो की घरी कळू नये म्हणून तासभर उन्हात डोकी वाळवायची. दहाव्या वर्षी त्यानं बापाची कात्री पळवून माझे केस कापले. टाळूवर असा खड्डा पाडला की माझ्या आईनं आम्हा दोघांनाही सारखंच बदडलं. तेव्हापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. साठ वर्षं झाली त्याला.

दर तिसऱ्या सोमवारी मी त्याच्या खुर्चीत बसायचो. केसांना वीस मिनिटं आणि गप्पांना दोन तास. त्याच त्या गोष्टी, त्याच थापा. मी अर्ध्यात थांबलो की पुढचं वाक्य तो बोलायचा. बायको गेली, गुडघे गेले, पण सोमवार होता.

गेल्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला. आधी तो मनगट माझ्या डोक्यावर टेकवून कात्री चालवायचा. मग एकदा कान कापला. तुरटी दाबत म्हणाला, "तू हललास."

"हो रे, हललो," मी म्हटलं.

त्यानंतर मी आणखी दोनदा असाच हललो. बाकीची गिऱ्हाइकं काही हलायला तयार नव्हती. एक जण तर थरथरता वस्तरा बघून अर्धी दाढी तशीच ठेवून पळाला.

मग लंब्याचा मुलगा माझ्याकडे आला. गॅरेजमध्ये काम करतो, गुणी पोरगा आहे. एखाद्या दिवशी बाबा कोणाचा तरी गळा कापतील, म्हणाला. डॉक्टरांनी सांगून झालं, आईनं रडून झालं, पण ते दुकान बंद करत नाहीत. "काका, तुम्हीच सांगा. ते फक्त तुमचं ऐकतील."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. सोमवारी गेलो, खुर्चीत बसलो आणि मूग गिळून बसलो. तो इतका खुशीत होता! दिवसभरात दुकानात आलेला मी एकटाच. त्याला काय सांगणार होतो मी, की आता घरी बस आणि भिंतीकडे बघ?

पुढच्या सोमवारची वेळ आली तशी माझी पाचावर धारण बसली. वस्तऱ्याला मी भीत नव्हतो. सांगायला भीत होतो. म्हणून मग मी झक मारली. लेकीच्या घराजवळ एक नवं चकचकीत सलून आहे, तिथे जाऊन बसलो. तिथल्या पोरानं सात मिनिटांत डोक्यावरून मशीन फिरवलं. म्हटलं, महिनाभर लंब्याला तोंड दाखवायचं नाही, तोवर केस वाढतील. कोणाला कळतंय?

मला अक्कल असती तर मला कळलं असतं. नळाच्या आट्यांवर दुसऱ्या कोणी दोरा गुंडाळला असेल तर मी तो एका नजरेत ओळखतो. मग त्यानं केस ओळखू नयेत?

सोमवार चुकला आणि गुरुवारी दुपारी दारात लंब्या उभा. तीन जिने चढून आला होता. तोंडानं श्वास घेत होता आणि हातात कात्री-फणीची पिशवी. पावलं ओळखून मी आधीच डोक्यावर कानटोपी ओढून घेतली होती. त्याला वाटलं, मी आजारी आहे. केस वाढले की आजारी माणूस आणखी आजारी दिसतो, म्हणाला. माझ्या सुनेकडून खुर्ची मागून घेतली आणि खिडकीशी ठेवली. मी आज नको, उद्या बघू असं काहीबाही पुटपुटलो. त्यानं माझ्या खांद्याला धरून मला बसवलं, कापड बांधलं, टोपी काढली आणि कॉलर खाली केली.

त्याची बोटं थांबली. मानेवर मशीननं आखलेली रेघ होती, तिच्यावरून त्यानं अंगठा या कानापासून त्या कानापर्यंत फिरवला. मग कात्री सुरू झाली. कचकच, कचकच. मी घाईघाईनं तळ्याची गोष्ट काढली, अर्ध्यात थांबलो. पुढचं वाक्य आलं नाही. समोरच्या पांढऱ्या कापडावर एकही केस पडत नव्हता. दहा मिनिटं तो माझ्याभोवती फिरत नुसती हवेत कात्री चालवत होता.

शेवटी त्यानं मानेला पावडर लावली, कापड झटकलं आणि घडी घातली.

"रेघ सरळ आलीय," तो म्हणाला. "मला आता नसती जमली."

"लंब्या, अरे, मी..."

"सांगायचंस की रे. तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं."

त्यानं पिशवी उचलली. तो कठडा धरून एकेक पायरी उतरत गेला आणि मी त्याला सोडायला खालपर्यंतसुद्धा गेलो नाही.

आठवड्यात दुकान बंद झालं. मुलगा मुद्दाम माझे आभार मानायला आला. तुम्ही नीट समजावलंत म्हणून ऐकलं त्यांनी, म्हणाला. मी मान डोलावली. इतका निर्लज्ज मी आहे.

परवा लंब्याच्या घरी गेलो. तो पलंगावर बसला होता, हात मांडीखाली दाबून. चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं. मग मी धीर करून विचारलं, "त्या उतारावर आपण पडलो तेव्हा ढोपर कोणाचं जास्त फुटलं होतं रे?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "आठवत नाही."

त्याला सगळं आठवतं. फक्त आता ते माझ्याबरोबर आठवायचं नाहीये त्याला. आणि ते आठवणारं दुसरं कोणी जिवंत नाही.