एकोणीस दिवस खुरपं बंद

मालिसेबोला दोन सवती आहेत, असं तिचा नवरा सेखोबे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. एक त्याचा खोकला आणि दुसरी दारातला वाफा. "रात्रभर पहिलीपाशी जागते आणि दिवसभर दुसरीच्या उवा काढते. माझ्या वाट्याला येते कधी?" एवढं बोलून तो हसायला जायचा आणि पहिली सवत त्याचा गळा धरायची.

सव्वीस वर्षं सोन्याच्या खाणीत घालवून तो परत आला तेव्हा सोबत एक घोंगडी, एक पत्र्याची पेटी आणि दगडाच्या भुकटीने भरलेली छाती होती. त्यातच क्षय निघाला. दवाखान्यातल्या नर्सबाईने सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या आणि बोट नाचवून बजावलं, "मध्येच सोडल्यात तर रोग दुप्पट जोराने उठेल. मग माझ्या दारात यायचं नाही." चार महिने झाले होते, दोन राहिले होते. पण गोळी पोटात टिकायला आधी पोटात काहीतरी जावं लागतं. नुसत्या मक्याच्या घाट्याचा घास सेखोबेच्या घशाखाली उतरत नसे. पालेभाजी असली की उतरायचा. लेक लिसेबो राजधानीच्या गावी कापडाच्या कारखान्यात होती, ती पाठवायची त्यात मक्याचं पीठ यायचं आणि साबण यायचा. भाजी मालिसेबोलाच उगवायची होती.

म्हणून तो वाफा. कमरेइतका उंच, दगड रचून केलेला गोल, एका बाजूने आत शिरायला खाच, मधोमध गवताची उभी टोपली. त्या टोपलीत राख, खरकटं, भांडी धुतलेलं पाणी सगळं जायचं आणि तिथून झिरपत मुळांपर्यंत पोचायचं. नोव्हेंबरात लिंबाएवढ्या गारा पडल्या, तेव्हा मालिसेबोने सेखोबेची घोंगडी वाफ्यावर अंथरली आणि कड धरून उभी राहिली. डोक्याला तीन टेंगळं आली. पालक मात्र वाचला. मग मावा आला. साबणाच्या पाण्याने पान न पान धुतलं. मग रोपं कुरतडणारी अळी आली. पहाटे उठून, माती उकरून, एकेक शोधून तिने दगडावर चिरडली. तिच्याशी वैर करून एकही किडा सुखाने जगला नाही.

आणि मग मुखियाची आई वारली.

म्हातारी नव्वदीची होती, भली होती, तिच्याबद्दल कुणाला काही म्हणायचं नाही. पण गावात मयत मातीआड होईपर्यंत खुरपं मातीला लावायचं नाही, ही आपली जुनी रीत. वाडवडिलांनी ती केली तेव्हा माणूस आज मेलं की उद्या पुरलं जायचं. एक दिवस काम बंद, काय बिघडतं! त्या बापड्यांना काय ठाऊक की पुढे शहरात शीतपेट्या निघतील आणि त्यात मयत बर्फासारखं ठेवून लोक नातवांच्या नाताळच्या सुटीची वाट बघत बसतील? हल्ली गाव फक्त पुरण्याच्या दिवशी काम बंद ठेवत असे. पण ही मुखियाची आई! मुखियाचा निरोप्या रामात्ला घोड्यावरून ओरडत गेला, "येता शनिवार नाही, त्याच्या पुढचाही नाही, पुरणं त्याच्याही पुढच्या शनिवारी! तोवर कुदळ बंद, खुरपं बंद, पाणी घालणं बंद! मळा असो की परस, माती ती माती!"

एकोणीस दिवस. ऐन डिसेंबरात, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, डोंगरावरून भट्टीसारखा वारा सुटलेला असताना.

"किड्यांना कुणी सांगितलं का?" सेखोबेने आतून विचारलं. "त्यांनाही सुतक असेल की."

"तुम्ही गप्प बसा. कुणी ऐकलं तर मला दंड होईल," मालिसेबो म्हणाली.

दंड झालाच. पाच दिवस तिने भांड्यांचं पाणी गुपचूप टोपलीत ओतलं. सहाव्या दिवशी रामात्लाला वाफ्याचे खालचे दगड ओले दिसले. मुखियाच्या अंगणात तिला उभी केली. मुखिया स्वतः मान खाली घालून बसला होता. बोलायला त्याची थोरली बहीण माकोपानो पुरेशी होती.

"ती कचऱ्याची टोपली आहे, म्मे," मालिसेबो थोरलीला मान देत म्हणाली. "खरकटं पाणी टाकायचं तरी कुठे?"

"रस्त्यावर टाक. आमची आई तिकडे बर्फात पडलीय, आणि तुझा पालक पाणी पितोय?"

"माझा माणूस आजारी आहे."

"कुणाच्या घरात आजारी नाही गं? सगळं गाव सोसतंय, तूच तेवढी मोठी लागून गेलीस."

अंडी घालणारी एकुलती एक कोंबडी रामात्ला पाय बांधून घेऊन गेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घरी येऊन ती चुलीपाशी बसली आणि ढसाढसा रडली. सेखोबे भिंत धरत उठला, स्टूल उचललं, दोनदा थांबून श्वास घेतला आणि वाफ्याच्या खाचेत, टोपलीला गुडघे लावून बसला.

"ये. माझं तोंड धू," तो म्हणाला.

"काय?"

"आजारी माणसाचं तोंड धुवायला बंदी आहे का? विचारून ये तुझ्या त्या माकोपानोला."

ती रडता रडता हसली. तेव्हापासून सेखोबेचं तोंड दिवसातून सात वेळा धुतलं जाऊ लागलं. दर वेळी एक तांब्या पाणी, आणि सगळं टोपलीत. पुढे हात आले, पाय आले, डोकं आलं. "लग्नातसुद्धा मी एवढा स्वच्छ नव्हतो," तो म्हणायचा. रामात्ला घोडा थांबवून बघायचा आणि टाच मारून पुढे जायचा. बसल्या बसल्या सेखोबे पानं उलटून मावा चिरडायचा. नखं हिरवी व्हायची. तिने नव्हे, त्याने मोजलं, सहा दिवसांत पानाला हाताएवढी लांबी आली. गावातले सगळे परस करपून कागद झाले होते. एवढ्या एका वाफ्यात पालक होता, बीटाचा पाला होता, कोबीचे सहा गड्डे धरत होते. सेखोबे रोज जेवत होता, रोज गोळी घेत होता. एका सकाळी तो स्टूल न टेकता, एका दमात दारापासून वाफ्यापर्यंत चालला आणि लहान मुलासारखा वळून बघू लागला, बायकोने पाहिलं की नाही. तिने पाहिलं होतं. हा माणूस जगणार, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मयतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, माकोपानो आठ बायका घेऊन आली. प्रत्येकीच्या डोक्यावर रिकामं घमेलं.

"पाचशे माणूस जेवणार उद्या," ती म्हणाली. आवाज मऊ होता. "बैल आहेत, ज्वारीची बीअर आहे, पण ताटात हिरवं काही नको? गावात दुसरीकडे एक पान उरलेलं नाही. देवाने तुझ्याकडेच राखलंय बघ."

देवाने! मालिसेबोच्या जिभेवर आलं होतं, देवाने नव्हे, माझ्या माणसाच्या तोंडच्या पाण्याने. ती एवढंच म्हणाली, "खुरपं बंद आहे ना, म्मे? मग कापायला कसं चालतं?"

"कापणं म्हणजे खणणं नव्हे. आणि हे आईसाठी आहे."

"थोडं घ्या. मधली कोवळी पानं ठेवा. ह्यांच्या गोळ्या आहेत."

माकोपानोने सेखोबेकडे बघितलं. तो स्टुलावरच बसलेला होता, हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. मग तिने मालिसेबोच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, गावाचं गावाने करायचं असतं. आज आमच्या घरी आहे, उद्या कुणाच्या घरी असेल. तेव्हा येईलच की सगळं गाव."

धमकी नव्हती ती. ती खरोखरच मायेने बोलली होती, आणि तेच वाईट होतं. मालिसेबोची नजर मयती पुरतात त्या उताराकडे गेली. तिथली जमीन वीतभर माती आणि खाली खडक. एक खड्डा खणायला सहा गडी आणि अख्खा दिवस लागतो. तिला मुलगा नाही. भाऊ नाहीत. ज्याच्या घरातून मयतीला काही गेलं नाही त्याच्या मयतीला माणसं उशिरा येतात, कुदळी विसरून येतात. हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही.

"घ्या," ती म्हणाली.

बायका तुटून पडल्या. "न्ताते, जरा सरका हं," असं आदराने म्हणत त्यांनी सेखोबेच्या दोन्ही बाजूंनी कापलं. घाईत दोघींनी रोपं मुळासकट उपटली. उपटणंसुद्धा खणणं नसावं. कोबीचे अर्धे कच्चे गड्डेही गेले. घमेली भरली, आभार मानले गेले, एकीने गाणं धरलं आणि बाकीच्या तिच्यामागून गात पायवाटेने गेल्या. उरले ते बुडखे आणि टोपली.

दुपारी मालिसेबोने घाटा शिजवला, मीठ घातलं, ताटली आणि गोळी त्याच्यापुढे ठेवली. त्याने दोन घास खाल्ले. तिसरा तोंडातच फिरत राहिला.

"मी सोमवारी पेरते परत," ती घाईने म्हणाली. "मोहरी तीन आठवड्यांत येते. तोवर डोंगरावरून रानभाजी आणीन. माकोपानोकडे कोंबडी परत मागीन, आता ती नाही म्हणायची नाही."

"मालिसेबो."

"काय?"

"तू नाही म्हणणार होतीस. मी तुझं तोंड बघत होतो. मग तू तिकडे उताराकडे बघितलंस."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"किती गडी लागतील म्हणतेस? सहा?"

"असं बोलू नका हो!" ती ओरडली. "तसं काही नव्हतं माझ्या मनात! गावात राहायचंय, सगळ्यांना तोंड द्यायचंय, म्हणून दिलं!"

"आत्ता कुठे मला वाटायला लागलं होतं, मी जगतोय," सेखोबे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ती भांडली असती. "आणि तुला वाटत नव्हतं."

"वाटत होतं! देवाशपथ वाटत होतं!"

"मग भाजी ठेवली असतीस." त्याने ताटली सरकवली. "रडू नकोस. बरोबरच केलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही दिली असती. खड्डा पाहिजेच माणसाला."

गोळी ताटलीच्या कडेवर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली, तिसऱ्या दिवशीही. तिने विनवलं, शिव्या दिल्या, चमच्यात चुरडून दिली. त्याने ओठ मिटून घेतले. सोमवारी खुरपं सुटलं. तिने बी पेरलं, आणि पाऊसही हवा तसा पडला. मोहरी भसाभसा वर आली, कीडसुद्धा लागली नाही.

जानेवारीत सेखोबे गेला, तेव्हा नर्सबाई तिच्यावर केवढी कडाडली. "दीड महिना तर राहिला होता! भाजी नव्हती म्हणून कुणी गोळ्या सोडतं का? तुमच्या अडाणीपणाने माणसं मरतात!"

"हो बाई," मालिसेबो म्हणाली. भाजी नव्हती, हेच तिने सांगितलं होतं. दुसरं कारण तिने लेकीलाही सांगितलं नाही.