एकच राहिलीय

शिंप्याचा क्षय बरा झाला असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा पडला. बाईंना वाटलं, त्याला नीट कळलेलं नाही. “एचआयव्हीची गोळी मात्र जन्मभर घ्यायची,” त्यांनी बजावलं. ते त्याला ठाऊक होतं. घरात कोणाला ठाऊक नव्हतं, हीच तर गोम होती.

घरच्यांच्या लेखी त्याला फक्त क्षय होता, आणि क्षयाची कोणाला लाज नव्हती. त्या लाल गोळ्यांच्या आडोशाला ही एक पांढरी गोळी सुखाने नांदत आली होती. जेवण झालं की वहिनी पाण्याचा पेला घेऊन पुढ्यात उभी राहायची. “गिळा भावजी. मी बघितल्याशिवाय हलायची नाही.” बायको गेल्यापासून त्याच्यासाठी एवढा वेळ कोणी उभं राहिलं नव्हतं.

आज दवाखान्याबाहेर थांबलेल्या दादाने घरात शिरताच आनंदाची बातमी सगळ्यांना सांगून टाकली. जेवणं उरकली, पण पेला काही आला नाही. पांढरी गोळी खिशात मापाच्या टेपेशी गपचूप पडून होती.

मग कापड बेतावं तसा त्याने एक खोकला बेतला आणि काढला.

वहिनी लगबगीने पाणी घेऊन आली. “गोळ्या संपल्या ना?”

“एकच राहिलीय,” तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

“मग गिळा.”

त्याने गिळली. वहिनीने बघितलं, रिकामा पेला उचलला आणि हसून म्हणाली, “सुटलात एकदाचे. उद्यापासून मीही सुटले.”