गुणाची लेक

सुकेशनीची मुलगी महिनाभर आधीच जन्माला आली. वजन जरा कमी, बाकी ठीक, असं सांगून परभणीच्या दवाखान्यातून त्यांना बोरीला घरी सोडलं. टाचेतून रक्त घेऊन केलेली थायरॉईडची तपासणीही बरोबर निघाली होती. तरी निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "लवकर जन्मलेल्या बाळांची पहिली तपासणी कधी कधी फसवते. दोन आठवड्यांनी परत आणा."

बाळाचं नाव संघप्रिया ठेवलं. घरी आली ती झोपूनच राहिली. पाजायला घेतलं की चार घोट घ्यायची, डोळे मिटायची. सासूबाई मालनबाई शेजारणींना सांगायच्या, "लय गुणाची लेक हाय. मायला जागवतच न्हाई." सुकेशनीलाही ते बरंच वाटे. कंबर धरलेली असायची. बाळाशेजारी तीही पडून राहायची.

परत जायची वेळ आली तेव्हा नवरा, सिद्धोधन, वैतागला. "एकदा बरोबर आलं ना? मंग कशाला टोचायचं लेकराला?"

सुकेशनीलाही एसटीचा तो प्रवास नकोसा वाटत होता. पण न्हाऊ घालताना बाळाचे पाय गार लागत. अंगावरचा पिवळेपणा अजून गेला नव्हता. ती गेली.

या वेळी आकडे बिघडलेले आले. डॉक्टरबाईंनी समजावलं, "गळ्यातली ग्रंथी कमी काम करतेय. हे असंच राहिलं तर मेंदूची वाढ मागे पडेल. रोज सकाळी ही गोळी चुरून अंगावरच्या दुधात द्यायची. खाडा नको."

"किती दिवस, मॅडम?"

"तीन वर्षांची होईपर्यंत तरी. मग बंद करून बघू. अशा बऱ्याच बाळांचं पुढे आपोआप सुधारतं."

तीन वर्षं! सुकेशनी तिथल्याच बाकावर टेकली.

गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत घर बदललं. संघप्रिया रडू लागली. पाजलं तरी रडे, खाली ठेवलं की किंचाळे. सुकेशनीच्या डोळ्यांखाली काळं आलं. भाकरी थापता थापता तिला डुलकी लागायची.

"गोळीनं बिघडलंय लेकरू," मालनबाई म्हणाल्या. "किती शांत होतं! बंद कर ती."

एका सकाळी चमच्यात चुरलेली गोळी सुकेशनीच्या हातातच राहिली. न्हाई दिली तर आज झोपंल, असं तिच्या मनात आलं. आपण काय विचार करायलोय, हे कळल्यावर तिला हुंदका फुटला. तिनं गोळी दिली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुमीच चला माझ्यासंगं. मॅडमला तोंडावर इचारा."

मालनबाई खरंच आल्या. डॉक्टरबाईंच्या टेबलापुढे उभ्या राहून त्यांनी विचारलं, "गोळीआधी लेकरू रडत नव्हतं. आता घर डोक्यावर घेतंय. हे कसलं औषध?"

डॉक्टरबाईंनी बाळ तपासलं, वजन केलं, रक्ताचा अहवाल वाचला. "औषध जास्त होत नाहीये, आकडे बरोबर आहेत. वजनही छान वाढलंय. आजी, तेव्हा ती शांत नव्हती, सुस्त होती. भूक लागली तरी रडायचं बळ नव्हतं तिच्यात. आता आहे."

मालनबाईंनी बाळाचं दुपटं सारखं केलं. रडून लाल झालेल्या नातीकडे बघत राहिल्या.

परतीच्या गाडीत संघप्रियानं पुन्हा सूर लावला. सुकेशनीनं पदराखाली घेतलं, थोपटलं. काही उपयोग झाला नाही. पुढच्या बाकावरचा माणूस सारखा मागे वळून बघत होता. तिचे हात गळून आले.

"आन इकडं," मालनबाई म्हणाल्या. बाळाला खांद्यावर घेऊन त्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. पुढच्या माणसाला म्हणाल्या, "काय बघायलाव? भूक लागती लेकराला, रडंल न्हाई तर काय करंल?"

मग सुनेकडे वळून हळूच म्हणाल्या, "उद्यापासून सकाळची गोळी मी देत जाईन. कशी चुरायची तेवढं दाखव मला."

सुकेशनीनं मान हलवली. खिडकीच्या गजाला डोकं टेकलं. बाळाचं रडणं चालूच होतं, आणि तिला गाढ झोप लागली.