उलटी दोरी

दोरी एकोणिसाव्यांदा ओढून झाली आणि ट्रॅक्टरने एकोणिसाव्यांदा नुसताच सुस्कारा टाकला.

"रुसलीय मेली," मावशी म्हणाली.

"इंजिन रुसत नसतं गं मावशी," भाची म्हणाली आणि वहीत एकोणिसावी रेघ मारली.

भाची पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच सुट्टीला आली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, म्हणजे बिघाड आपोआप कोपऱ्यात सापडतो, यावर तिची ठाम श्रद्धा. मावशीची पद्धत निराळी होती. ती एका दमात टाकी हलवायची, पान्याने इंजिनाच्या पाठीत दोन ठेवून द्यायची, चाकाला लाथ घालायची आणि वर चार शिव्या हासडायची. मग इंजिन सुरू झालंच, तर यातलं नेमकं काय लागू पडलं हे कुणाच्या बापाला कळायचं नाही.

सव्वादहा वाजले होते. अकराला समोरच्या मैदानावर रोपवाटिकावाल्यांची मंद शर्यत. बागेतले छोटे ट्रॅक्टर, पन्नास मीटरचं अंतर, आणि जो सगळ्यांत शेवटी पोहोचेल तो पहिला. इंजिन बंद पडलं की बाद, चाक थांबलं की बाद. जिंकणाऱ्याला झाडांच्या बाजारात फाटकाजवळचा पहिला ओटा वर्षभरासाठी. तीन वर्षं तो बियाणेवाल्याने पटकावला होता आणि तीन वर्षं मावशीची गुलाबाची रोपं कचराकुंडीशेजारच्या ओट्यावर बसली होती. तिथे माणसं फुलांपाशी यायची ती नाकाला रुमाल लावून. वर गेल्या वर्षी बियाणेवाला म्हणाला होता, "ताई, तुम्हाला कसली एवढी घाई असते हो?" ते वाक्य मावशीच्या घशात अजून अडकलेलं होतं.

"तीन गोष्टी लागतात," भाची म्हणाली. "ठिणगी, दाब आणि पेट्रोल. आधी ठिणगी."

तिने प्लग काढला, त्याला वायर पुन्हा जोडली आणि मावशीला म्हणाली, "हा इंजिनाच्या पत्र्याला टेकवून धर. लाकडी चिमट्याने हं." मग तिने दोरी ओढली.

"अगं आई गं!" मावशी हातभर उडाली. चिमटा शोधत बसण्याइतका वेळ तिच्याकडे कुठला!

"ठिणगी आहे," भाचीने लिहिलं.

"चांगली सणसणीत आहे!" बोटं झाडत मावशी म्हणाली, आणि स्वतःच खो खो हसत सुटली.

पायरीवर मटार सोलत बसलेले काका म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं."

"तुम्ही मटार सोला."

दाबही होता. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दोरी ओढली, तर अंगठा फट्कन उडाला. मावशीला तो खेळ इतका आवडला की तिने तो आणखी चारदा केला. राहिलं पेट्रोल. भाचीने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि नाक आक्रसलं.

"मावशी, कधीचं हे?"

"गेल्या शर्यतीचं. जपून ठेवलं होतं."

"पेट्रोल नासतं गं!"

"ते काय दूध आहे?"

दूध नव्हतं, पण कार्बोरेटर उघडला तर तळाशी खरोखरच पिवळट साय धरली होती. सुईच्या नाकाएवढं एक भोक त्या चिकट्याने पार बुजलं होतं. इतकं बारीक की घरातली एकही तार आत जाईना. काका निमूटपणे उठले, कपडे घासायचा ब्रश घेऊन आले आणि त्याचा एक केस उपटून दिला. केस बरोब्बर आत गेला. भोकातून पलीकडचं आकाश दिसलं, टिकलीएवढं. भाचीने मावशीला दाखवलं, मावशीने काकांना दाखवलं, आणि तिघेही त्या टिकलीएवढ्या आकाशावर बेहद्द खूश झाले. मग टाकी रिकामी करून, पुसून, बाटलीतलं ताजं पेट्रोल त्यात तेल मिसळून ओतलं.

"आता ओढ," भाची म्हणाली. तिचा स्वतःचा दंड केव्हाच बधिर झाला होता.

"माझाही उजवा गेला कामातून," म्हणत मावशी इंजिनाच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि डाव्या हाताने दोरी चकतीवर गुंडाळू लागली. ही दोरी सुटी होती. दर वेळी गाठ खाचेत अडकवायची, तीन वेढे घ्यायचे आणि जोरात ओढायची.

फट्. फट् फट्. आणि मग फटफटफट करत इंजिन थरथरलं, धुराचा एक लोट काकांच्या मटारांवर गेला आणि अंगणातल्या चिमण्या एकजात उडाल्या. मावशीने भाचीला कडकडून मिठी मारली. दोघी चिखलात गरागरा फिरल्या.

"पण तू हात बदललास!" भाची ओरडली. "एकदम दोन गोष्टी बदलल्या! आता वहीत काय लिहू?"

"सुरू झाली असं लिही!" मावशीने सीटवर उडी मारली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि ट्रॅक्टर ऐटीत मागे निघाला.

"मावशी, पुढे!"

"पुढेच टाकलाय!"

मागे वाळत घातलेले कपडे होते. दोरीखालून मावशी निघाली तेव्हा तिच्या डोक्यावर काकांचा पायजमा होता आणि तोंडातून "थांब गं बाई, थांब" असा धावा. बादलीला धडकण्याआधी तिने कसाबसा क्लच दाबला. काकांच्या मांडीवरून निम्मे मटार सांडले. ते हसत होते की ठसकत होते, कळायला मार्ग नव्हता.

भाची मात्र जागीच उभी होती. नजर चकतीवर. चकती उलटी फिरत होती. म्हणजे मावशीने डाव्या हाताने वेढेच उलटे घेतले होते. आणि हे इंजिन टू-स्ट्रोक. त्याच्या पोटातल्या दट्ट्याला सुलट काय नि उलट काय, दोन्ही सारखंच! ठिणगी जरा उशिरा पडणार, जोर कमी मिळणार, पण फिरायचं म्हटलं तर ते उलटंही खुशाल फिरणार. पुस्तकात तिने हे वाचलं होतं. डोक्यावर पायजमा घेऊन ते समोर येईल, असं मात्र पुस्तकात नव्हतं.

"बंद कर मावशी! सुलटी दोरी गुंडाळून परत सुरू करू."

"बंद?" मावशीने पायजमा भिरकावला. "चाळीसदा ओढून सुरू झालीय आणि बंद? मेले तरी नाही!"

भाचीने घड्याळ पाहिलं. अकराला बारा मिनिटं कमी. मग तिने गिअरच्या दांड्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. "मग रिव्हर्स टाक. रिव्हर्स म्हणजे आता पुढे. आणि मावशी, रिव्हर्स हा सगळ्यांत हळू गिअर असतो."

मावशीला दोन सेकंद लागले. मग ती अशी काही हसली की काकांनी सावधपणे उरलेले मटार आत नेले.

मैदानावर पाच ट्रॅक्टर रांगेत लागले. बियाणेवाला नवी टोपी घालून आला होता. "ताई, आज तरी जरा दमाने!" तो म्हणाला. पंच म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी शिट्टी फुंकली.

बाकीचे निघाले. मावशीही निघाली, पण ते कळायला चाकाकडे टक लावून बघावं लागत होतं. इंजिन उचक्या देत होतं. भाची बाजूने चालत होती; एक पाऊल टाकायचं आणि वाट बघायची. दोन मिनिटांत तीन ट्रॅक्टर पार झाले. बियाणेवाल्याने मागे वळून पाहिलं. मावशी निम्म्यातही नव्हती. त्याचा चेहरा पडला. त्याने इंजिनाचा स्क्रू पिळून वेग कमी केला. पुन्हा मागे पाहिलं, आणखी पिळला. रेघ चार मीटरवर असताना त्याचं इंजिन फुस्स झालं.

"बाद!" हेडमास्तर म्हणाले.

"आणि ही?" बियाणेवाला धावत आला. "दांडा बघा सर! रिव्हर्समध्ये आहे! उलटा गिअर!"

हेडमास्तरांनी चष्मा चढवून दांडा पाहिला. मग चाक पाहिलं. मग भाचीकडे पाहिलं. "हे कसं काय?"

ट्रॅक्टर चालतच होता, त्यामुळे सगळे त्याच्याबरोबर पाऊल-पाऊल सरकत होते. भाचीने दट्ट्या, ठिणगी, डावा हात, सगळं भराभर सांगितलं. तेवढ्यात इंजिनाने मोठी उचकी दिली आणि मैदान श्वास रोखून उभं राहिलं. मावशीने सीटवर बसल्या बसल्या डोळे मिटले. "चल गं माझी बाई," ती पुटपुटली. "फाटकाजवळ ऊन चांगलं असतं." फट्... फट्... फटफट. चाक थांबलं नव्हतं.

"उलटं इंजिन, उलटा गिअर," हेडमास्तर स्वतःशीच बोटांवर मोजत म्हणाले. "उणे गुणिले उणे, अधिक. आयुष्यभर पोरांना शिकवलं, पण चालताना आज पाहिलं." त्यांनी खिशातून नियमांचा कागद काढला, वाचला आणि घडी घातली. "नियम चाकांचे आहेत, दांड्याचे नाहीत. वाहन पुढे जात आहे. चालू द्या."

बियाणेवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. रेघ जवळ येऊ लागली तसं त्यालाही राहवेना, आणि तोही बाजूने चालू लागला. "ताई, अजून तीन मीटर... अडीच... अहो, जरा लवकर!"

"कसली एवढी घाई असते हो तुम्हाला?" मावशी म्हणाली.

पुढचं चाक रेघेवर चढलं, मागचंही उतरलं. शिट्टी वाजली, टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी थांबली नाही. हेडमास्तरांच्या टेबलाकडे तशीच निघाली, आणि भाची पुढे धावत जाऊन खुर्च्या बाजूला करू लागली. खरं तर घाई नव्हती. टेबल गाठायला मावशीला अजून चांगली तीन मिनिटं लागणार होती.